गुरेघरची पंगत

वाई मागे पडली की पसरणी गाव लागतं आणि गावाच्या डोक्यावरूनच घाट सुरू होतो. शाहीर साबळ्यांचं हे गाव. दादाने गाडीचा वेग कमी केला आणि स्टिअरिंगवरचे हात न काढता मान किंचित झुकवली. घाटकोपरच्या भटवाडीत आम्ही वाढलो ते त्यांचा आवाज ऐकत. गणेशोत्सवातल्या कर्ण्यावर दिवसाची सुरुवात त्यांच्यापासूनच व्हायची. मागच्या सीटवर वहिनी आणि मुलं झोपेतून उठत होती. पहाटेच्या काळोखात निघून, वाशीची खाडी, द्रुतगती मार्ग, पुण्याचा वळसा आणि खंबाटकी असं सगळं ओलांडून आम्ही इथवर आलो होतो. आई मात्र सुरूर फाट्यापासूनच टक्क जागी होती. खाली धोम धरणाचं पाणी दिसू लागलं तशी ती खिडकीकडे सरकली.

आईचं माहेर या डोंगराच्या पलीकडच्या अंगाला, तापोळ्याच्या खोऱ्यात. १९६०च्या दशकात कोयनेचं पाणी चढलं आणि खोऱ्यातली भातखाचरं बुडाली. किती तरी गावं उठून ठाणे-रायगडकडे गेली, काही तिथेच वर सरकली. तिथले बापे त्याच्या आधीपासूनच मुंबईची वाट धरत होते. आमचे बाबा त्यांतलेच. मस्जिद बंदरात त्यांनी आयुष्यभर पाठीवर गोणी वाहिली. अण्णासाहेब पाटलांनी माथाडींची संघटना उभी केली, १९६९मध्ये कायदा झाला, आणि मग त्या घामाला हजेरी, फंड आणि म्हातारपणाची थोडी हमी मिळाली. आमची शिक्षणं त्यातूनच झाली. म्हणून महाबळेश्वर-पाचगणी हे नाव मुलुंडच्या माझ्या शेजाऱ्यांसाठी सहलीचं असलं, तरी आमच्या घरात ते बाजाराचं होतं. आईचे वडील मध, तूप आणि हिरडा डोक्यावर घेऊन खोऱ्यातून पायी चढून या बाजाराला यायचे आणि मीठ, गूळ, कापड घेऊन उतरायचे. डोंगरावर जाऊन हॉटेलात जेवायचं, ही गोष्ट तिच्या पिढीत कुणी केलीच नव्हती.

या फेब्रुवारीत आम्ही ती ठरवून केली. जेवायचं गुरेघरला, मॅप्रो गार्डनमध्ये. जागा दादाच्या मुलाने, माझ्या भाच्याने सुचवली होती. तो घाटकोपरच्या वल्लभबाग लेनमधल्या खाऊगल्लीत वाढलेला मुलगा. डोशात चीज, आइस्क्रीम, नूडल्स काहीही घालून बघणाऱ्या तव्यांसमोर त्याची चव तयार झाली आहे. डोंगरावरच्या लोकांनी काय नवीन केलंय ते त्याला पाहायचं होतं. मलाही ते पाहायचं होतं, पण माझं कुतूहल थोडं वेगळं होतं: हे नवेपण इथेच का उगवलं?

त्याचं पहिलं उत्तर पावसात आहे. पाचगणी ते महाबळेश्वर हे अंतर जेमतेम वीस किलोमीटर. पण महाबळेश्वरात वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि पाचगणीत त्याच्या तिसऱ्या हिश्श्याच्या आसपास. अरबी समुद्रावरून आलेले ढग पश्चिमेच्या कड्यावर रिते होतात, आणि पूर्वेकडे सरकता सरकता त्यांच्यातला जोर जातो. मधल्या पट्ट्यात गुरेघर, भिलार, भोसे, कासवंड, राजपुरी ही गावं येतात. इथे पाऊस ओल देतो पण माती सगळीच धुऊन नेत नाही, आणि तो संपला की सहा महिने कोरडी, थंड, भरपूर उन्हाची हवा मिळते. स्ट्रॉबेरीला नेमकं तेच हवं असतं. देशातल्या स्ट्रॉबेरीचा मोठा वाटा या लहानशा पट्ट्यातून येतो आणि २०१०मध्ये महाबळेश्वरच्या स्ट्रॉबेरीला भौगोलिक मानांकनही मिळालं.

पाचगणीत चहाला थांबलो. पहिलं काय दिसलं असेल तर पाव. बेकऱ्यांच्या काचेमागे पाव, बन, खारी, केक, आणि शेजारच्या फळीवर जॅमच्या बाटल्या. पाचगणी हे निवासी शाळांचं गाव आहे. सेंट पीटर्स, बिलिमोरिया, किमिन्स अशा शाळांत शंभर वर्षांहून अधिक काळ लांबलांबची मुलं येऊन राहिली. फारुख बलसारा नावाचा झांझिबारचा एक पारशी मुलगा सेंट पीटर्समध्ये शिकला. पुढे जगाने त्याला फ्रेडी मर्क्युरी म्हणून ओळखलं. हे ऐकून भाचा चहा सोडून शाळेचं फाटक बघायला धावला. क्षयाच्या रुग्णांसाठी इथे बेल एअर रुग्णालय उभं राहिलं, हवापालटाला पारशी कुटुंबं येऊन राहिली. या सगळ्यांना सकाळी पाव लागायचा, आणि पावावर लावायला काहीतरी. मुंबईहून सामान यायला घाट चढावा लागे. डोंगरावर फळं होतीच. मग जॅम इथेच होणार, दुसरीकडे कुठे?

१९५९ साली पाचगणीत किशोर व्होरा यांनी लहान प्रमाणावर जॅम करायला सुरुवात केली. त्यातून मॅप्रो उभी राहिली. जॅममागोमाग सरबतं आली, क्रश आले, फळांच्या रसाच्या चघळायच्या गोळ्या आल्या, चॉकलेट आलं. गुरेघरला कारखान्याच्या शेजारी बाग केली, आणि बागेत येणाऱ्यांना खायला घालता घालता तिथे एक वेगळंच स्वयंपाकघर तयार झालं.

या नवेपणाचं दुसरं उत्तर मला स्ट्रॉबेरीच्या शेतात मिळालं. जेवणाआधी आम्ही भिलारकडे वळलो होतो. रस्त्याच्या कडेला एका शेतकरीदादांनी आम्हाला बांधावर येऊ दिलं. लाल मातीचे उंच गादीवाफे, त्यांवर ताणलेला प्लास्टिकचा कागद, कागदाखालून ठिबकची नळी. कागदाच्या भोकातून वर आलेली रोपं आणि दोन्ही बाजूंना लोंबणारी फळं. फळ मातीला टेकू नये म्हणून हा सगळा खटाटोप. टेकलं की सडलंच. मातृरोपं परदेशातून येतात. पावसाळ्यात ती इथे वर तग धरत नाहीत म्हणून त्यांची रोपवाटिका खाली वाईच्या बाजूला, कमी पावसात करायची. धावत्या वेलींना फुटलेली लहान रोपं सप्टेंबर-ऑक्टोबरात घाट चढवून वर लावायची. नोव्हेंबरच्या शेवटाला फळ सुरू होतं आणि एप्रिलपर्यंत चालतं. विंटर डॉन, स्वीट चार्ली, कामारोझा ही नावं त्यांच्या तोंडी घरच्या गुरांच्या नावांइतकी सहज होती. जानेवारीत वेण्णा तलावाच्या बाजूला पहाटे दवाचा बर्फ होतो. पर्यटक त्याचे फोटो काढायला धावतात आणि शेतकरी डोळ्यांत तेल घालून पानं तपासतो, कारण त्या एका रात्रीत पीक करपू शकतं.

"तोडल्यावर पिकत नाय ही," ते म्हणाले. माझ्यासाठी सगळा उलगडा त्या वाक्यात झाला. आंबा अढीत घालता येतो. केळं हिरवं तोडून लांब पाठवता येतं. स्ट्रॉबेरी झाडावर जितकी लाल झाली तितकीच. गोडी हवी तर पूर्ण पिकू द्यायची, आणि पूर्ण पिकली की ती हाताच्या दाबानेही मऊ पडते. पहाटे देठासकट तोडायची, दुपारच्या आत डब्यात भरायची, रात्री गाडीत चढवायची. तेव्हा कुठे दुसऱ्या दिवशी सकाळी मुलुंड स्टेशनबाहेर हातगाडीवर ती हिरव्या पानांच्या चौकटीत मांडलेली दिसते. या साखळीत जे फळ आकाराने बारीक, वेडंवाकडं किंवा थोडं जास्त पिकलेलं असेल, ते मुंबई गाठूच शकत नाही. त्याचं काय करायचं? हा प्रश्न इथल्या प्रत्येक घराला रोज दुपारी पडतो. जॅम, क्रश, साय घातलेली स्ट्रॉबेरी, आइस्क्रीम, वाळवलेले काप ही सगळी त्या प्रश्नाची उत्तरं आहेत. डोंगरावरच्या कल्पक स्वयंपाकाची सुरुवात एखाद्या आचाऱ्याच्या डोक्यात झाली नाही. संध्याकाळपर्यंत खराब होणाऱ्या टोपलीभर फळांनी ती करायला लावली.

शेतकरीदादांनी मुलांच्या ओंजळीत फळं घातली. आईने एक उचललं, उलटसुलट बघितलं आणि खाल्लं. तिच्या लहानपणीही या डोंगरावर स्ट्रॉबेरी होती, पण थोडी, बारकी आणि बंगल्यावाल्यांसाठी. कॅलिफोर्नियातल्या जाती आल्या आणि गावंच्या गावं या पिकाकडे वळली ती गेल्या तीसेक वर्षांत. "आमच्या वख्ताला हितं नाचणी व्हायची," ती त्यांना म्हणाली. "माझा आजाबी नाचणीच लावायचा," ते म्हणाले. मग दोघं राब भाजणं, वरी, सावा, पावसात खोपीतली राखण असल्या गोष्टींत इतके रमले की दादाला दोनदा हाक मारावी लागली.

गुरेघरला पोचलो तेव्हा वाहनं रांगेने लागलेली होती. सुट्टीच्या दिवशी इथे गर्दी असतेच. आत फुलझाडांची बाग, दुकान, दुकानात सरबतांचे नमुने चाखायला मांडलेले. मुलीने पेरू, कोकम, जांभूळ, गुलाब असे सगळे घोट घेतले आणि जांभळावर शिक्कामोर्तब केलं. खाण्याच्या मंडपात आम्हाला लांब बाकाच्या दोन्ही बाजूंना बसायला मिळालं. समोरासमोर सहा जण. शेजारच्या टेबलावर बोरिवलीचं एक गुजराती कुटुंब, पलीकडे कोल्हापूरकडची नवीन लग्न झालेली जोडपी, त्यापलीकडे पुण्याच्या कॉलेजची मुलं. इतक्या वेगवेगळ्या घरांतली माणसं एकाच वेळी तेच पदार्थ मागवत होती.

आम्ही लाकडाच्या भट्टीतला पिझ्झा मागवला, भाजलेलं भलंमोठं सँडविच मागवलं, आणि वहिनीने मुलांना बजावलं की गोड शेवटी. पदार्थ येईपर्यंत आई आणि मी भट्टीजवळ जाऊन उभ्या राहिलो. घुमटाकार भट्टी, आत एका बाजूला पेटती लाकडं. अशा भट्टीत उष्णता तीन अंगांनी येते: खालच्या तापलेल्या विटांमधून, घुमटावरून परतून, आणि ज्वाळेतून थेट. आतलं तापमान चारशे अंशांच्या पुढे जातं, त्यामुळे पातळ पोळी दोन-तीन मिनिटांत भाजून निघते. कड फुगते, जागोजाग काळे डाग येतात आणि आतला मऊपणा कोरडा पडत नाही. घरच्या ओव्हनमध्ये निम्म्या तापमानाला पंधरा मिनिटं ठेवलेल्या पिझ्झ्याला हे जमत नाही. भट्टीवरचा मुलगा पिठाचा गोळा थापून, लांब दांड्याच्या फावड्याने आत सरकवून, मध्येच फिरवून बाहेर काढत होता. आई त्याचे हात बघत होती.

"कुठला रं तू?" तिने विचारलं.

त्याने गावाचं नाव सांगितलं. खोऱ्यातलंच, तापोळ्याच्या अलीकडचं. मग कुणाचा कोण, कोणत्या भावकीतला, हे सगळं निघालं. त्याचा चुलता माथाडीत होता. या मुलाला मात्र मुंबईला जावं लागलं नाही, ही गोष्ट आईने तीन वेळा बोलून दाखवली. मी त्या मुलाकडे बघत राहिले. बाबांना चरितार्थासाठी हा डोंगर सोडावा लागला होता. या पोराला गावापासून तासाभरावर, आगीसमोर का होईना, कमाई मिळत होती. पर्यटनाने या डोंगराचं काय काय बिघडवलं ते मी जाणते: उन्हाळ्यातली पाण्याची ओढाताण, उतारांवर चढत जाणारी बांधकामं, प्लास्टिकचे ढीग. त्या सगळ्याच्या शेजारी ही एक गोष्टही मला मांडायची आहे, आणि ती लहान नाही.

पिझ्झा चांगला होता. भाज्या ताज्या होत्या आणि त्यांना स्वतःची चव होती. मुंबईत ढोबळी मिरचीला चव असते हे आपण विसरूनच गेलो आहोत. सँडविच दोघांत एक पुरलं. पण पंगत खरी रंगली ती उंच पेल्यांतून स्ट्रॉबेरी आली तेव्हा. तळाला फळांचे तुकडे आणि त्यांचाच गर, वर आइस्क्रीम, त्यावर घोटलेली साय, पुन्हा फळं. स्ट्रॉबेरी आणि साय ही इंग्रजांची उन्हाळ्यातली जोडी. त्यांच्याबरोबरच ती या डोंगरावर आली आणि आपल्या दुधा-सायीच्या आवडीत सहज मिसळून गेली. आईला थंड सोसत नाही म्हणून तिने आइस्क्रीमशिवाय मागितली. तिने पहिला चमचा खाल्ला, क्षणभर थांबली, आणि पेला स्वतःकडे ओढून घेतला. आमच्या आईने ताटातलं काही स्वतःकडे ओढून घेतलेलं मी कधीच बघितलं नव्हतं. वाढून उरलं तर खाणारी ती बाई. वहिनीनेही ते पाहिलं आणि काही न बोलता आणखी एक पेला सांगितला.

भाच्याचा प्रश्न होता की हे सगळं परकंच नाही का. पिझ्झा इटलीचा, साय इंग्रजांची, स्ट्रॉबेरी तर कुठची कोण जाणे. प्रश्न वाजवी होता. मी त्याला स्ट्रॉबेरीची कुळकथा सांगितली. फ्रान्सचा फ्रेझिए नावाचा अधिकारी १७१४मध्ये दक्षिण अमेरिकेतल्या चिलीहून मोठ्या फळाची रोपं घेऊन परतला. उत्तर अमेरिकेतून आलेली लहान, सुवासिक फळांची जात युरोपच्या बागांत आधीच होती. दोन्ही शेजारी शेजारी लावल्या गेल्या, त्यांचा संकर झाला, आणि आज जगभर खाल्ली जाणारी स्ट्रॉबेरी त्यातून जन्मली. १७६६मध्ये द्युशेन या तरुण वनस्पतिशास्त्रज्ञाने हा संकर ओळखून लिहून ठेवला. म्हणजे रानात नव्हे, बागेत जन्मलेलं हे फळ. दोन खंडांतल्या झाडांची तिसऱ्या खंडातल्या वाफ्यात गाठ पडून झालेलं. ते भिलारला परकं असेल तर लंडनलाही परकंच आहे.

आणि हा डोंगर तरी काय, असल्याच गाठीभेटींनी घडला आहे. १८२०च्या दशकाच्या शेवटी गव्हर्नर जॉन माल्कमने साताऱ्याच्या प्रतापसिंह महाराजांशी करार करून इथे वसाहत उभारली. बाजारपेठेला माल्कम पेठ हे नाव मिळालं. पुढे इथे तुरुंग बांधला गेला आणि सिंगापूर-पिनांगकडून चिनी आणि मलायी कैदी आणून ठेवले गेले. दिवसा ते रस्त्यांवर खपायचे आणि उरलेल्या वेळात भाजीचे मळे करायचे. विलायती भाज्या, विशेषतः बटाटा, या डोंगरावर उत्तम पिकतो हे त्यांनी दाखवून दिलं. १८६०च्या दशकात तुरुंग बंद झाला, मळे राहिले. आज रस्त्याकडेला गाजरं आणि गुलाबी मुळ्यांच्या जुड्या विकायला बसलेल्या बाया आहेत, त्या धंद्याच्या मुळाशी मायदेश कायमचा तुटलेली ती माणसं आहेत. त्यांची नावं कुठल्या पॉइंटला दिलेली नाहीत. साहेबांची दिली आहेत. मला वाटतं, एखाद्या मळ्याच्या बांधावर तरी त्यांची आठवण लिहायला हवी.

जेवण झाल्यावर वेण्णा तलावापर्यंत गेलो. १८४२मध्ये साताऱ्याच्या अप्पासाहेब महाराजांनी बांधून घेतलेला हा तलाव. काठावर घोडे, होड्या आणि मक्याच्या पॅटिसच्या गाड्या. मक्याचं पॅटिस हीसुद्धा इथलीच करामत: कोवळा मका, हिरवी मिरची, गरम तेल आणि गार वारा. पोटं भरलेली असूनही सगळ्यांनी खाल्लं. तुतीची फळं पानांच्या द्रोणात मिळाली; त्यांनी मुलीचे ओठ आणि कुडता जांभळा करून टाकला. बाजारात तिखट-मीठ लावलेले चणे घेतले, चिक्की घेतली. मधाच्या दुकानात आईचा वेळ गेला. वास घेऊन, बोटावर चाखून ती हा जांभळाचा, हा हिरड्याचा असं सांगत होती, आणि दुकानदार मान डोलावत होता. या तालुक्यातलं मांघर २०२२मध्ये देशातलं पहिलं मधाचं गाव म्हणून जाहीर झालं, हे त्याने अभिमानाने सांगितलं. व्हायटी नावाचं झुडूप काही वर्षांनी एकदा फुलतं तेव्हा त्याचा मध मिळतो. तो आता नव्हता. पोळं जाळून मध काढण्यापासून पेट्या सांभाळण्यापर्यंतचा प्रवास या लोकांनी केला आहे, आणि त्यांचा मध बाटलीत जातो तेव्हा त्यात पूर्ण जंगल उतरलेलं असतं.

परतीच्या रस्त्यावर मी हॉटेलांच्या पाट्या वाचत आले. पंजाबी, चायनीज, गुजराती थाळी, पावभाजी, पिझ्झा. पॉइंटांवर कुठे कुठे पिठलं-भाकरी मिळते. पण ज्या धान्यावर हा डोंगर हजारो पावसाळे जगला, ती नाचणी आणि वरी शोधावी लागते. पावसाळ्यात आईच्या माहेरी चुलीवर येणारी भारंगी, कुर्डू, शेवळं कुठल्याच पाटीवर नसतात. स्ट्रॉबेरीसाठी इतकी बुद्धी लावणाऱ्या या माणसांनी नाचणीला हात घातला तर काय होईल, हा विचार माझी पाठ सोडेना. त्या भट्टीत नाचणीची पोळी भाजता येईल. नाचणीत ग्लूटेन नसतं, त्यामुळे ती ताणली जाणार नाही, फुगणारही नाही. गव्हात मिसळावी लागेल किंवा उकड काढून थापावी लागेल. उकड कशी काढायची हे खोऱ्यातल्या प्रत्येक बाईला ठाऊक आहे. त्या बाया अजून आहेत. त्यांना पाटीवर मान आणि हाताला मोबदला मिळायला हवा, आणि तो लवकर मिळायला हवा, कारण आईच्या पिढीनंतर हे हात मिळणार नाहीत.

भिलारला पुन्हा थोडा वेळ थांबलो, या वेळी पुस्तकांसाठी. ४ मे २०१७ पासून हे पुस्तकांचं गाव आहे. घराघरांत, देवळात, शाळेत मराठी पुस्तकांची कपाटं, कुणीही यावं, बसावं, वाचावं. एका घरच्या ओसरीवर मुलगी बालसाहित्य घेऊन बसली ती उठेना. घरच्या काकूंनी पाणी दिलं, आग्रहाने चहा दिला आणि सकाळची तोडलेली, गाडी चुकलेली स्ट्रॉबेरी स्वस्तात दिली. टोपलीभर. "घाटात मऊ पडंल थोडी," त्या म्हणाल्या.

ती पडलीच. खंबाटकीच्या बोगद्यातून बाहेर येईपर्यंत गाडीभर वास सुटला होता. मध्यरात्री घाटकोपरला पोचल्यावर वहिनीने टोपली उघडली तेव्हा वरची फळं धड होती आणि खालच्या निम्म्यांनी रस सोडला होता. वरची सकाळी शेजारीपाजारी वाटली. खालच्यांसाठी वहिनी इंटरनेटवर जॅमची कृती शोधायला लागली, तेवढ्यात आईने कढई चढवली. तेलात मेथीदाणे, सुक्या लाल मिरच्या, मग देठं काढून चुरलेली फळं, मीठ आणि शेवटी गूळ. आंबोळीला लागेल इतपत आटवून उतरवलं. कैरीचा मेथांबा करतात, तसाच अंदाज. जोडीला नाचणीची भाकरी, उकड काढून थापलेली.

भाचा तव्याशेजारी उभा राहून खात होता. आंबट, गोड, तिखट, आणि खाली नाचणीचा खरपूस मातकट स्वाद. भाकरीचा काळपट रंग आणि त्यावर ते लाल तोंडीलावणं. त्याने लगेच विचारलं की हे गुरेघरच्या भट्टीवरच्या त्या दादाला कळवता येईल का. आई म्हणाली, "तुझ्या आत्याला इचार, तिनं त्याचा नंबर घेतलाय." मी घेतला होता. वहिनीने वही आणली आणि प्रमाण विचारलं. किती फळांना किती मिरच्या, किती गूळ. आईने टोपलीकडे बघून सांगितलं की गूळ आधी घालू नको, फळ किती गोड निघालंय ते चाखून मग घाल, आणि मीठ जरा चढंच असू दे.